बालहट्ट आणि मोठ्यांच्या शब्दाची पत

राजहट्ट, स्त्रीहट्ट आणि बालहट्ट यांना एका माळेत गुंफण्याची जुनी पद्धत आहे. या तिहींपुढे शहाण्याने मान तुकवावी आणि वेळ मारून न्यावी, असा त्या गुंफणीतला व्यावहारिक उपदेश. त्यांपैकी राजे गेले. १९७१ साली त्यांचे तनखेही गेले. स्त्रीच्या न्याय्य मागणीला हट्ट म्हणणे किती सोयीचे होते, हे निदान सुशिक्षित समाजाला आता उघडपणे नाकारता येत नाही. उरला तो बालहट्ट. तीन-चार वर्षांच्या मुलाच्या वागण्यामागे काही कारण असू शकते, ही कल्पना मात्र पुष्कळ घरांत अजून परकीच आहे. मूल हट्टी आहे, कारण ते आजोळच्या वळणावर गेले आहे, किंवा लाडाने बिघडले आहे, किंवा त्याला दृष्ट लागली आहे, एवढ्यावर चौकशी संपते.

एखाद्या तालुक्याच्या गावी संध्याकाळच्या वेळी बाजारपेठेत उभे राहिले, तर पुढील प्रसंग हमखास पाहावयास मिळतो. चार वर्षांचा मुलगा खेळण्यांच्या दुकानासमोर बसकण मारतो. बाप म्हणतो, ‘पुढच्या वेळी घेऊ.’ मुलगा रडू लागतो. ‘उद्या नक्की घेऊ,’ म्हटल्यावर रडणे वाढते. मग ‘तो बघ पोलीस आला’ होते, मग पाठीत धपाटा बसतो, आणि भोवती चार माणसे थांबून पाहू लागली की तीच प्लॅस्टिकची मोटार विकत घेतली जाते. घरी परतल्यावर बाप सांगतो, पोरगा अजिबात ऐकत नाही. वस्तुतः मुलाने प्रत्येक शब्द ऐकलेला असतो. त्या शब्दांचा त्याने जो अर्थ लावला, तो बापाच्या ध्यानात आलेला नसतो, एवढेच.

प्रत्येक हट्टाच्या मुळाशी काही गूढ असते, असे मात्र मानण्याचे कारण नाही. पुष्कळदा झोपेची वेळ टळून गेलेली असते, पोट रिकामे असते, कानात ठणका लागलेला असतो किंवा नवी चप्पल चावत असते. ज्या वयात ‘मला भूक लागली आहे’ हे वाक्य बोलता येते, त्या वयातही आपल्याला जे होत आहे त्याचे नाव भूक, हे रडण्याच्या भरात सुचेलच असे नाही. शिवाय, इच्छा आवरण्याचे काम ज्याच्याकडे असते तो मेंदूचा पुढचा भाग सर्वांत सावकाश पिकतो. विशीनंतरही काही वर्षे त्याची वाढ चालू असते. चार वर्षांच्या मुलाकडून चाळीस वर्षांच्या माणसाचा संयम अपेक्षिणे हा हिशेबच चुकीचा. चाळीस वर्षांच्या माणसांचा संयम कितपत असतो, हे एस.टी.त जागा पकडताना दिसतेच.

काही हट्ट तर अगदी निराळ्याच कारणाने होतात. मारिया माँटेसरी यांनी नोंदविलेला एक प्रसंग बालशिक्षणाच्या अभ्यासकांना परिचित आहे. वाटेने चालताना एका स्त्रीने उकाड्यामुळे अंगातील कोट काढून हातावर टाकला आणि तिच्याजवळचे दीड वर्षाचे मूल आकांत करू लागले. उचलून घेतले, समजूत घातली, काही उपयोग झाला नाही. माँटेसरी यांनी त्या स्त्रीला कोट पुन्हा अंगात घालण्याची विनंती केली. तिने तो घातला आणि मूल तत्काळ शांत झाले. कोट अंगात असतो, हातावर नसतो. जगाची घडी त्या मुलाला जशी ठाऊक होती तशी ती पुन्हा बसली. त्या वयाला ही घडी प्राणाहून प्रिय असते. रोजची वाटी बदलली म्हणून जेवण नाकारणारे मूल मराठी घरांतही काही दुर्मीळ नाही.

तथापि ही कारणे समजली म्हणजे बाजारातील प्रसंग समजला असे नाही. त्या मुलाचे पोट भरलेले होते, त्याची झोप झालेली होती, चप्पलही जुनीच होती. त्याच्याशी एक व्यवहार चालला होता आणि तो व्यवहार काळाचा होता. आज नको, उद्या घे, असे त्याला सांगण्यात येत होते. हे सांगणे त्याला पटावयाचे तर दोन गोष्टी हव्यात. एक, ‘उद्या’ म्हणजे काय हे कळावयास हवे. आणि दुसरी, सांगणाऱ्याचा भरवसा वाटावयास हवा.

पहिली गोष्ट वाटते तेवढी सोपी नाही. तीन वर्षांचे मूल ‘उद्या आम्ही मामाकडे गेलो होतो’ असे खुशाल सांगते आणि घरातील मंडळी हसतात. हसू नये असे नाही. पण त्या वाक्याचा अर्थ ध्यानात घ्यावा. मुलाला एवढेच ठाऊक असते की ती गोष्ट आताची नव्हे. ‘आता’ आणि ‘आता नाही’ अशा दोनच पेठा त्याच्या काळाच्या नगरात असतात. ‘परवा’ हा शब्द तर मोठ्यांनाही संदर्भावाचून उलगडत नाही. तो मागचाही असतो आणि पुढचाही. यावर मोठ्यांनी आपल्या सोयीची भर घातली आहे. ‘दोन मिनिटांत आलोच’ यातील दोन मिनिटे घड्याळात कधी मोजली गेली नाहीत. आणि ‘बघू’ हा शब्द तर मराठी गृहस्थाश्रमाचा मोठाच आधार होय. त्यात होकार नाही, नकार नाही, आणि पुढे कोणी जाब विचारला तर बोलल्याचा पुरावाही नाही. मुलाला मात्र तो प्रथम होकारच वाटतो. कालांतराने तो नकार वाटू लागतो, आणि मग ‘बघू’ म्हणताक्षणीच ते भोकाड पसरते. घरच्यांना वाटते, अजून काही नाही म्हटलेच नव्हते, तोच हे रडू लागले.

दुसरी गोष्ट भरवशाची. शंभर रुपयांच्या नोटेवर रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरने धारकास तेवढी रक्कम देण्याचे वचन छापलेले असते. बाजारात ते कोणी वाचत बसत नाही. नोट काल चालली, आज सकाळी चालली, म्हणून ती उद्याही चालेल, या अनुभवावर भाजीवाली ती घेते. मोठ्या माणसांचा लहान मुलाशी जो व्यवहार चालतो, तो अशाच चलनात. ‘येताना आणतो’, ‘जेवलास की गोष्ट सांगते’, ‘रडला नाहीस तर रविवारी बागेत जाऊ’ या साऱ्या वचनचिठ्ठ्या होत. मुलाजवळ त्या पारखण्याचे दुसरे साधन नाही. आजवर त्यांपैकी किती वटल्या, एवढेच ते पाहू शकते. आणि ते पाहते.

मुलाच्या संयमाचा या पतीशी काय संबंध आहे, यावर प्रकाश टाकणाऱ्या प्रयोगांची हकीकत थोडी विस्ताराने सांगणे इष्ट आहे. कारण तिची अर्धीच बाजू पालकांपर्यंत पोहोचली आहे. वॉल्टर मिशेल हे मानसशास्त्रज्ञ १९५० नंतरच्या दशकात त्रिनिदाद बेटावर संशोधनासाठी गेले होते. ऊसमळ्यांवर करारबद्ध मजूर म्हणून नेलेल्या भारतीयांचे वंशज आणि आफ्रिकी वंशाचे लोक तेथे शेजारी राहत. दोन्ही समाजांची परस्परांविषयीची मते ठरलेली. हे लोक आजची मौज पाहतात, उद्याची चिंता करीत नाहीत, असे भारतीय म्हणत; हे लोक पैसा गाठीला बांधतात, जगत मात्र नाहीत, असे आफ्रिकी म्हणत. मिशेल यांनी शाळेतील सात ते नऊ वर्षांच्या मुलांपुढे एक साधी निवड ठेवली: लहान वडी आज, किंवा मोठी वडी आठवड्याने. १९५८ साली त्यांनी आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. दोन समाजांच्या मुलांत फरक होता खरा. पण ज्या मुलांच्या घरी वडील नव्हते ती आजची लहान वडी घेण्याकडे अधिक झुकत, असेही आढळले. एक अनोळखी पुरुष आठवड्याने परत येऊन मोठी वडी देईल, यावर त्यांनी का विश्वास ठेवावा? दिलेला शब्द पाळणारा पुरुष त्यांच्या पाहण्यात क्वचितच आला असावा, या शक्यतेकडे मिशेल यांनी स्वतःच लक्ष वेधले आहे.

पुढे अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बिंग बालवाडीत, १९६० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धापासून, मिशेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जे प्रयोग केले ते जगप्रसिद्ध झाले. चार-पाच वर्षांच्या मुलाला खोलीत बसवावयाचे, मार्शमेलो ही साखरेची मऊ मिठाई किंवा त्याच्या आवडीचा दुसरा खाऊ दाखवावयाचा आणि सांगावयाचे, ‘मी परत येईपर्यंत थांबलास तर दोन मिळतील, थांबवत नसेल तर घंटी वाजव, मी येईन, पण मग एकच मिळेल.’ १९७० साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, दोन्ही खाऊ डोळ्यांसमोर ठेवले तेव्हा मुले सरासरी जेमतेम एक मिनिट थांबली. खाऊ नजरेआड केले तेव्हा सरासरी अकरा मिनिटांहून अधिक. मुलांच्या स्वभावात तेवढ्यात काही बदल झाला नव्हता. बदलली होती ती टेबलावरची मांडणी. घरात बिस्किटांचा डबा खालच्या फळीवर ठेवून मुलाच्या संयमाची परीक्षा घेणाऱ्यांनी ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे.

परंतु गाजली ती निराळीच गोष्ट. त्या बालवाडीतील काही मुलांचा पुढे कित्येक वर्षे मागोवा घेण्यात आला, आणि १९९० साली प्रसिद्ध झालेल्या अहवालात असे दिसले की, चौथ्या वर्षी जी मुले अधिक वेळ थांबली होती, त्यांना विशिष्ट परिस्थितीतील प्रयोगांपुरते तरी, महाविद्यालयीन प्रवेशाच्या चाचणीत अधिक गुण मिळाले होते. मग काय विचारता! चार वर्षांच्या मुलाचे भवितव्य एका मिठाईच्या तुकड्यावर वाचता येते, अशी हाकाटी झाली. पालकत्वावरील पुस्तकांतून, शाळांच्या पालकसभांतून आणि अलीकडे मोबाइलवर फिरणाऱ्या चित्रफितींतून ती मराठी घरांतही आली. हौशी पालक स्वयंपाकघरातील टेबलावर चॉकलेट ठेवून आपापल्या मुलांची परीक्षा घेऊ लागले. जे थांबले नाही ते मूल कच्च्या मनाचे ठरले. त्रिनिदादमधील मूळ प्रश्न, वचन देणाराच भरवशाचा नसेल तर काय, हा बाजूलाच राहिला.

तो प्रश्न पुन्हा उभा केला सेलेस्ट किड या संशोधिकेने. तरुणपणी त्या निराधार कुटुंबांच्या एका निवासात स्वयंसेविका म्हणून काम करीत. अनेक कुटुंबे एकत्र राहत असलेल्या त्या जागेत मुलाच्या हातात आलेली वस्तू दुसऱ्याने केव्हा हिसकावून घ्यावी याचा नेम नसे. मिठाईच्या प्रयोगाची माहिती झाली तेव्हा त्यांच्या मनात आले, यांतील प्रत्येक मूल ती मिठाई तत्क्षणी खाऊन टाकील. पुढे रॉचेस्टर विद्यापीठात त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला प्रयोग २०१३ च्या सुमारास प्रसिद्ध झाला. मुले अवघी २८. वय साडेतीन ते सहाच्या आतले. मूळ प्रयोगापूर्वी प्रत्येक मुलाला चित्र काढण्यास बसवून झिजलेले खडू देण्यात आले आणि सांगितले, थोडे थांबलास तर याहून चांगले सामान आणून देते. निम्म्या मुलांना ते खरोखरच मिळाले. उरलेल्या निम्म्यांकडे संशोधिका रिकाम्या हाताने परतली आणि म्हणाली, माफ कर, माझी चूक झाली, दुसरे सामान नाही. असेच पुन्हा एकदा, चिकटवण्याच्या चित्रांच्या बाबतीत, घडले. त्यानंतर मिठाई पुढे आली.

ज्यांच्या बाबतीत शब्द पाळला गेला होता ती चौदा मुले सरासरी बारा मिनिटे थांबली. त्यांतील नऊ तर पूर्ण पंधरा मिनिटे. ज्यांच्या बाबतीत तो दोनदा मोडला गेला होता ती चौदा मुले सरासरी तीन मिनिटे थांबली, आणि पंधरा मिनिटे काढणारे मूल त्यांत एकच निघाले. या मुलांचे स्वभाव, आईबाप, आजोळ यांत त्या अर्ध्या तासात काहीही बदललेले नव्हते. मधल्या काळात घडले होते ते इतकेच की एका मोठ्या माणसाचे दोन शब्द फुकट गेले होते. प्रयोग लहान आहे, हे खरे. परंतु त्याने हट्टाकडे पाहण्याची दिशा बदलते. न थांबणारे मूल अविचारी आहे असे म्हणण्याआधी, त्याच्याजवळ असलेल्या माहितीवरून थांबणे शहाणपणाचे होते काय, हे विचारावे लागते. बुडीत निघालेल्या पतपेढीपुढे भल्या पहाटे रांग लावणाऱ्या ठेवीदाराला कोणी उतावीळ म्हणत नाही.

अर्थशास्त्रात हा विचार नवा नाही. आयर्व्हिंग फिशर यांनी १९३० साली व्याजाच्या उपपत्तीवर लिहिताना मनुष्याच्या ‘अधीरते’ची चर्चा केली आहे आणि अल्प उत्पन्न ही अधीरता वाढविते असे स्पष्ट म्हटले आहे. ज्याला आजच पुरत नाही त्याला उद्यासाठी राखणे परवडत नाही. मिठाईच्या प्रयोगाबाबतही पुढे तेच दिसून आले. वॉट्स, डंकन आणि क्वान यांनी २०१८ साली नऊशेंहून अधिक मुलांची माहिती तपासली, तेव्हा चौथ्या वर्षीचा संयम आणि पंधराव्या वर्षीचे यश यांतील संबंध पूर्वी वाटला त्याच्या निम्माच भरला; आणि घरची परिस्थिती व मुलाची आरंभीची समज हिशेबात घेताच त्यातीलही दोनतृतीयांश भाग विरून गेला. स्वभाव म्हणून जे मोजले जात होते, त्यात घराचा वाटा मोठा होता.

महाराष्ट्रात ही दृष्टी ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी प्रयोगशाळेवाचून मिळविली होती. १९४५ साली बोर्डीला त्यांचे काम सुरू झाले आणि पुढे ते जवळच्याच कोसबाडच्या टेकडीवर गेले. आदिवासींची मुले शाळेत येत नाहीत, आली तर टिकत नाहीत, ती आळशी आहेत, असे म्हणून सोडून देणे सोपे होते. या दोघींनी मुले त्या वेळी कोठे असतात, हे पाहिले. ती धाकटी भावंडे सांभाळीत होती, गुरे राखीत होती. तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात गेली आणि शाळा कुरणात गेली. ‘अंगणवाडी’ हा आज देशभर रूढ असलेला शब्द त्या शोधातून आलेला आहे. मुलाच्या वागण्याचे कारण मुलात न सापडले, तर ते त्याच्या भोवती शोधावे लागते, हे त्यांना कोणा परदेशी पंडिताने सांगावे लागले नाही.

आता बाजारातील त्या प्रसंगाकडे पुन्हा वळावयास हरकत नाही. बापाने एकूण तीन प्रकारचे चलन वापरले: वचन, भय आणि शेवटी रोकड. पहिले दोन्ही खोटे, हे मुलाला ठाऊक होते. पोलीस यापूर्वीही आला नव्हता. तिसरे खरे निघाले. आणि ते केव्हा हाती येते, याचाही बोध मुलाला झाला. फर्स्टर आणि स्किनर यांनी १९५७ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात कबुतरांवरील प्रयोगांची जी प्रचंड सामग्री आहे तिच्यातून एक गोष्ट पुन:पुन्हा दिसते. प्रत्येक टोचीला दाणा मिळत असेल आणि तो एकाएकी बंद झाला, तर कबुतर लवकर टोचणे सोडते. पण दाणा कधी मिळतो, कधी मिळत नाही, असे असेल तर दाणे बंद झाल्यावरही ते कितीतरी वेळ टोचीत राहते. चार वेळा निग्रहाने नाही म्हणून पाचव्या वेळी लोकलज्जेस्तव हो म्हणणारा बाप मुलाला नेमके हेच शिकवितो. लॉटरीचे तिकीट दर आठवड्याला घेणारा कारकून याच शिक्षणाचे पदवीधर रूप होय.

यावर एक आक्षेप ठरलेला. मग काय, मूल मागेल ते द्यावयाचे? असे कोणीही सांगितलेले नाही. नकारालाही पत असते. ‘आज खेळणे घ्यायचे नाही, आपण फक्त भाजी घ्यायला आलो आहोत,’ हे घरून निघतानाच सांगितले आणि तसेच वागले, तर पहिल्या दोनतीन खेपांना रडणे होईल. पण ते एका सरळ नकाराविरुद्धचे रडणे असेल आणि त्याची मुदत लवकर संपेल. नकार देताना इच्छेची थट्टा करण्याचेही कारण नसते. बाळ रामाने चंद्र मागितला आणि त्याला तो आरशात दाखविला, ही कथा घरोघर सांगितली जाते. तीत कोणी त्याला ‘उद्या आणून देऊ’ म्हणाल्याचे ऐकिवात नाही. त्या घराण्यात वचने जपून देण्याची गरज पुढे निराळ्याच प्रसंगी सिद्ध झाली, हा भाग वेगळा.

दवाखान्यात नेताना ‘डॉक्टर काही करणार नाहीत, नुसते बघतील’ असे सांगणे हे या खोट्या चलनाचे सर्वांत महाग उदाहरण. सुई टोचली जातेच. दुखणे क्षणाचे असते, पण आईचा शब्द कायमचा बुडतो, आणि पुढच्या खेपेस दवाखान्याच्या पायरीवरच रणधुमाळी होते. थोडे टोचेल, मग संपेल, मी हात धरून ठेवीन, हे सांगणे दोन वर्षांच्या मुलालाही कळते. त्यानेही ते रडते. पण रडून झाल्यावर ते आईकडेच येते.

नोकरीसाठी घराबाहेर पडणाऱ्या आईबापांच्या घरी हाच प्रश्न रोज सकाळी उभा राहतो. मूल रडते म्हणून त्याचे लक्ष चुकवून मागच्या दाराने निसटण्याची युक्ती सर्रास वापरली जाते. आजीही ती सुचविते. युक्ती त्या दिवसापुरती साधते. मात्र आई केव्हाही, न सांगता, नाहीशी होऊ शकते, हे एकदा कळल्यावर मूल तिला नजरेआड होऊ देत नाही. ती न्हाणीघरात गेली तरी दार बडवीत बसते. घरचे म्हणतात, हल्ली फारच आईवेडे झाले आहे. मूल पहारा देत असते, हे कोणाच्या लक्षात येत नाही.

उलट, न रडणारे मूल समाधानी असते, हाही एक भ्रम. १९५० च्या आसपास इंग्लंडमधील रुग्णालयांत लहान मुलांच्या आईबापांना भेटीची वेळ अगदी थोडी देत. मूल एरवी शांत राहते, आईबाप आले की रडते, असे त्याचे कारण सांगितले जाई. जॉन बोल्बी यांचे सहकारी जेम्स रॉबर्टसन यांनी १९५२ साली एका दोन वर्षांच्या मुलीच्या आठ दिवसांच्या रुग्णालयवासाचे चित्रण केले. लॉरा हे तिचे नाव पुढे सर्वत्र झाले. ती फार रडली नाही. ती अधूनमधून आईची चौकशी करी, हुंदका आवरी आणि पुन्हा गप्प होई. शहाणी म्हणून जे गणले जात होते ते हताशपण होते, हे पडद्यावर दिसले तेव्हा वैद्यकव्यवसायातील पुष्कळ मंडळी रुष्ट झाली. परंतु १९५९ साली प्लॅट समितीने आईबापांना मुलांजवळ मुक्त प्रवेश असावा अशी शिफारस केली, आणि मुलांच्या कक्षांची दारे हळूहळू उघडली.

वचन पाळण्याची अडचण अशी की घरात ते देणारे अनेक असतात. आई नाही म्हणते, आजोबा खिशातून गोळी काढतात, आत्या ‘मी देते, आईला सांगू नकोस’ म्हणते. एकाच राज्यात चार टांकसाळी असल्यावर चलनाचे जे होते तेच येथे होते. मूल ज्याचे नाणे सहज वटते त्याच्याकडे जाते आणि यात लबाडी काहीच नसते. मोबाइलची गोष्ट याहून कठीण. ‘पाच मिनिटेच’ म्हणून तो मुलाच्या हाती देणारी व्यक्ती पुढचा अर्धा तास स्वतःच्या कामात असते, आणि काम संपले की पाच मिनिटे संपल्याची तिला आठवण होते. नियम मुलाने मोडलेला नसतो.

शब्द मोडावा लागणे अटळ असते, हेही मान्य केले पाहिजे. गाडी चुकते, साहेब थांबवून घेतो, महिनाअखेरीस पैसे उरत नाहीत. किड यांच्या प्रयोगात मुलांची रीतसर माफी मागितली होती, तरी तीन मिनिटेच पदरात पडली. तेव्हा नुसत्या माफीने पत परत येते असे समजू नये. ती लहान रकमांनी, हळूहळू भरून काढावी लागते. त्यासाठी घड्याळाचा उपयोग नाही. ‘थोड्या वेळाने’ म्हणण्याऐवजी ‘कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या की’, ‘आजीने देवापुढे दिवा लावला की’, असे सांगितले तर मूल शिट्ट्या मोजते. मोजताना ते थांबलेले असते, आणि तिसरी शिट्टी झाल्यावर आईने हातातले काम खरोखरच ठेवले तर पुढच्या खेपेस थोडे अधिक थांबते.

काही पाळणाघरांतील अनुभवी बायका हे सारे कोणतेही पुस्तक न वाचता करतात. सकाळी आईला त्या मागच्या दाराने जाऊ देत नाहीत. मुलाला सांगून, हात हलवून जाण्यास लावतात, मग ते पाच मिनिटे रडले तरी चालेल. ‘तुझी आई कधी येणार?’ असे विचारल्यावर ‘सहा वाजता’ असे त्या म्हणत नाहीत. जेवण होईल, झोप होईल, उठल्यावर दूध होईल, मग चिंटूची आई येईल आणि तिच्यामागून तुझी, असे सांगतात. एखाद्या संध्याकाळी लोकल खोळंबते. चिंटू निघून जातो आणि मूल दाराशी येऊन उभे राहते. तेव्हा ‘येईलच हं आता’ असे म्हणण्याचा मोह होतो. त्याऐवजी मावशी त्याला जवळ घेऊन सांगतात, आईचा फोन आला होता, तिची गाडी अडकली आहे, तिला उशीर होणार आहे. तोवर आपण तांदूळ निवडू. मूल थोडा वेळ दाराकडे पाहते आणि मग ताटापाशी येऊन बसते.